बँकॉकची डिनर क्रूझ: बोट निवडण्यापासून परतीच्या ट्रेनपर्यंत

थायलंडच्या ग्रुप टूरचा कार्यक्रम उघडा, ‘चाओ फ्राया नदीवर डिनर क्रूझ’ ही ओळ बहुतेक ठिकाणी सापडेल. स्वतःची स्वतः सहल आखणारेही ती यादीत टाकतात आणि मग ऑनलाइन पाहायला गेले की गांगरतात. एकसारखी दिसणारी पंधरा-वीस नावे, प्रत्येकीचा दर वेगळा, प्रत्येकीच्या फोटोत तेच सोनेरी देऊळ. त्यातली स्वस्त ती निवडली की कधीकधी दोन तास बंद काचेआड, दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या गाण्यांत जातात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या सफरीत पैसे मोजायचे ते नदीसाठी. जेवण बँकॉकमध्ये कुठेही याहून चांगले आणि स्वस्त मिळते. अंधार पडल्यावर पाण्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही काठ बघणे मात्र दुसरीकडून होत नाही. बोट कोणती, बसायचे कुठे, उठायचे कधी, हे सगळे त्या हिशेबानेच ठरवावे.

आधी नदी समजून घ्या

आजच्या बँकॉकची राजधानी म्हणून स्थापना १७८२ सालची. त्याआधी १७६७ पासून राजधानी होती समोरच्या पश्चिम काठावर, थोनबुरीला. पहिल्या रामा राजाने ती पूर्व काठावर हलवली. त्या काळी नदी आणि तिला जोडणारे कालवे हेच हमरस्ते होते. त्यामुळे राजवाडा, देवळे, किल्ले, पोर्तुगीजांच्या वस्तीतले चर्च, परदेशी व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या असे सगळे पाण्याला लागून उभे राहिले. दिवसभर टॅक्सीत बसून जे तुकड्यातुकड्यांत दिसते ते बोटीतून एका ओळीत दिसते.

बहुतेक मोठ्या बोटी संध्याकाळी ७:३० ते ८ च्या दरम्यान निघतात आणि साधारण दोन तासांनी त्याच धक्क्यावर परत येतात. नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला रामा आठवा पुलापर्यंत जायचे आणि वळायचे, हा ठरलेला मार्ग. काही बोटी परतताना दक्षिणेला एशियाटिक या नदीकाठच्या बाजारापर्यंतही फेरी मारतात. नदी संथ आहे, त्यामुळे बोट लागण्याची भीती फारशी नाही. लांब शेपटीच्या मोटरबोटी शेजारून गेल्या तर थोडे हिंदकळते, इतकेच.

बोटीचे तीन प्रकार

नावे पुष्कळ असली तरी प्रकार तीनच आहेत. आधी प्रकार ठरवा, नाव नंतर.

पहिला प्रकार मोठ्या बुफे बोटींचा. चाओ फ्राया प्रिन्सेस, व्हाइट ऑर्किड, वंडरफुल पर्ल ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावे. दोन-तीन मजले, शेकडो माणसे, खाली वातानुकूलित दालन, वर उघडा डेक, गायक किंवा बँड, बुफे. साधारण १,००० ते २,००० बाटच्या आत बसतात. बाट पावणेतीन रुपयांच्या आसपास धरला तर माणशी पावणेतीन ते साडेपाच हजार रुपये झाले. लहान मुले, मोठे कुटुंब, खाण्यात वेगवेगळ्या आवडी असलेली मंडळी यांना हीच बोट सोयीची.

दुसरा प्रकार खास भारतीय प्रवाशांसाठी चालवल्या जाणाऱ्या सफरींचा. बोट बहुधा पहिल्या प्रकारातलीच असते, पण बुफेत डाळ, पनीर, नान, बिर्याणी असते आणि जेवणे उरकली की हिंदी गाण्यांवर नाच सुरू होतो. मांडवीवर पणजीच्या सांता मोनिका जेट्टीवरून सुटणाऱ्या बोटीत ज्यांना मजा आली त्यांना इथेही येईल. मात्र शांतपणे नदी बघायची इच्छा असेल तर या बोटीत ती पुरी होणार नाही, हे गृहीत धरा. ग्रुप टूरमध्ये बहुधा हीच असते. बोटीचे नाव, धक्का आणि बसायचा मजला टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच विचारून ठेवा. वरच्या डेकवर जाता येणार नसेल तर थोडे जादा पैसे भरून मजला बदलून मिळतो का, हेही तेव्हाच विचारावे. धक्क्यावर पोचल्यावर कुणी दाद देत नाही.

तिसरा प्रकार माझ्या आवडीचा: तांदूळ वाहणाऱ्या जुन्या सागवानी पडावांचे केलेले छोटे रेस्टॉरंट. मनोहरा आणि लॉय नावा या त्यातल्या माहीत असलेल्या. मोजकी टेबले, बुफे नाही, ताटात आणून वाढलेले थाई जेवण, कानठळ्या बसवणारा आवाज नाही. दर २,००० बाटच्या पुढे जातो आणि वर कितीही. दोघेच असाल, लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल, तर पैसे इथे घाला. पाच वर्षांचे मूल बरोबर असेल तर नको. त्याला पळायला जागा नसते आणि तुम्हाला बसायला उसंत.

शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी

थाई स्वयंपाकात माशांपासून केलेला सॉस मिठासारखा पडतो. भाजीत मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणजे ती शाकाहारी, असे समजू नका. ऑयस्टर सॉस आणि कोळंबीची पेस्ट हे आणखी दोघे लपून बसणारे. मोठ्या बोटींच्या बुफेत सॅलड, फळे, भात, ब्रेड, गोड पदार्थ मिळतात, पण त्याने पोट भरेलच असे नाही. शिवाय कोळंबी, शिंपले आणि कच्चा मासा शेजारच्याच ट्रेमध्ये असतो आणि चमचे इकडचे तिकडे होतात. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी भारतीय बुफेची बोट घ्यावी किंवा आगाऊ शाकाहारी मेन्यू सांगता येईल अशी छोटी बोट.

बुकिंग करताना नुसते ‘व्हेज’ लिहून थांबू नका. मासा, अंडे, फिश सॉस, ऑयस्टर सॉस नको, असे एकेक नाव घेऊन लिहा आणि उत्तर लेखी मागा. थायलंडमध्ये ‘जे’ नावाचा एक कडक शाकाहार आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षराने तो ओळखतात. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसते आणि कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींना हा शब्द फार उपयोगी, पण बटाटा, गाजर त्यात चालते, तेव्हा कंदमुळे नको असतील तर ते वेगळे सांगावे लागेल. आणि खरे सांगायचे तर, घरात कडक पाळणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना हॉटेलवर आधी पोटभर जेवू घाला. बोटीवर फळे आणि आइस्क्रीम खात मजेत बसतील.

बुकिंग: काय विचारायचे

नेहमीच्या दिवसांत दोन-तीन दिवस आधी केलेले बुकिंग पुरते. प्रवासाच्या ऑनलाइन संकेतस्थळांवर बोटीच्या स्वतःच्या जाहीर दरापेक्षा कमी दर अनेकदा दिसतो, तो घ्यायला हरकत नाही. रस्त्यावरच्या टूर काउंटरवरही तिकीट मिळते, पण तिथे ‘कोणत्याही बोटीवर’ असे मोघम व्हाउचर देतात का ते बघा. बोटीचे नाव छापलेले नसेल तर घेऊ नका.

पैसे भरण्याआधी स्पष्ट करून घ्यायचे ते एवढे: वरच्या डेकवर टेबल आहे की खालच्या बंद दालनात, आणि खाली असल्यास मधूनमधून वर जाऊ देतात का. टेबल कठड्यालगत आहे की मधल्या ओळीत (कठड्यालगतच्या जागेचे बरेचदा वेगळे पैसे असतात). पाणी, शीतपेय, दारू यांतले दरात काय धरले आहे. मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर. पाऊस आला तर उघड्या डेकवरच्या लोकांना कुठे बसवतात. रद्द केले तर पैसे किती तासांपर्यंत परत मिळतात. यांतला पहिला प्रश्न सगळ्यांत मोलाचा. खालच्या दालनात गारवा असतो, पण आतले दिवे काचेवर उमटतात आणि बाहेरचे देऊळ सोडून स्वतःचाच चेहरा फोटोत येतो. वर घाम येतो, वारा लागतो, आणि नदी दिसते.

एक अपवाद. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसांसाठी खालचाच मजला घ्या. वर जायचे जिने अरुंद आणि उभे असतात. शिवाय नदीला भरती-ओहोटी आहे, धक्के तरंगते आहेत, त्यामुळे बोटीत पाऊल टाकताना मधली फट आणि पायरी रोज सारखी नसते. व्हीलचेअर असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवावे. कर्मचारी हात द्यायला तत्पर असतात.

दिवस कोणता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हवा कोरडी, संध्याकाळी जरा बरी. मार्च-एप्रिलमध्ये वरच्या डेकवर रात्री आठलाही उकडते. मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस; पण तिथला पाऊस बरेचदा तासाभरात झोडपून थांबतो, म्हणून तेवढ्यासाठी बेत मोडू नये. छोटी घडीची छत्री असावी.

आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल तर लक्ष द्या. थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला लॉय क्रथाँग असतो. केळीच्या खुंटाचा द्रोण, त्यात फुले, उदबत्ती, मेणबत्ती, आणि तो नदीत सोडायचा. २०२४ आणि २०२५ मध्ये दोन्ही पौर्णिमा एकाच दिवशी आल्या होत्या. त्या रात्रीची बोट काही आठवडे आधी घ्यावी लागते, दरही चढलेले असतात. ३१ डिसेंबरचे तर विचारूच नका. नदीकाठच्या आयकॉनसियाम मॉलसमोर आतषबाजी असते आणि दर नेहमीच्या कित्येक पट.

उलट काही दिवस टाळायचे. शाही नौकांची मिरवणूक असली, जशी २७ ऑक्टोबर २०२४ ला होती, की तिच्या सरावाच्या दिवशीही नदीचा भाग वाहतुकीला बंद करतात आणि क्रूझचा मार्ग किंवा वेळ बदलते. काही बौद्ध सणांना मद्यविक्रीवर बंधने येतात. ज्यांना त्याचे महत्त्व आहे त्यांनी तारीख तपासावी.

विमानातून उतरल्याच्या संध्याकाळी किंवा अयुथ्थयाची दिवसभराची सहल करून आल्यावर क्रूझ ठेवू नका. पोरे टेबलावर डोके ठेवून झोपतात आणि मोठ्यांचेही फारसे वेगळे होत नाही.

धक्क्यावर पोचणे

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. डिनर क्रूझ एका ठिकाणाहून सुटत नाहीत. आयकॉनसियाम, रिव्हर सिटी आणि एशियाटिक ही तीन मुख्य ठिकाणे. आयकॉनसियाम हा २०१८ साली उघडलेला प्रचंड मॉल पश्चिम काठावर आहे. रिव्हर सिटी जवळजवळ त्याच्या समोर, पण पूर्व काठावर. एशियाटिक दक्षिणेला, जुन्या गोदीच्या जागेवर. टॅक्सीवाल्याला नुसते ‘डिनर क्रूझ’ सांगितले तर तो आपल्या मनाने कुठेतरी सोडेल आणि तुमची बोट नदीपलीकडे दिवे लावून उभी असेल. व्हाउचरवरचे धक्क्याचे नाव थाई लिपीत फोनवर काढून ठेवा.

दुसरे असे की संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात गाडीचा नाद सोडा. भारतीय प्रवासी बहुधा सुखुमवितला नाना-असोकच्या बाजूला किंवा प्रतुनामला उतरतात. तिथून नदीपर्यंतचा रस्ता या वेळात तुंबलेला असतो. बीटीएस ट्रेन घ्या. नाना किंवा असोकहून सियाम स्टेशन, तिथे सिलोम लाइनच्या बांग वाकडे जाणाऱ्या गाडीत बसा. प्रतुनामवाल्यांनी चिट लोम किंवा राचाथेवी स्टेशन गाठावे.

पुढे दोन वाटा. आयकॉनसियामला जायचे असेल तर क्रुंग थोनबुरीला उतरून गोल्ड लाइन पकडा. पुढचेच स्टेशन चारोन नाखोन, थेट मॉलला जोडलेले. किंवा एक स्टेशन आधी सफान ताक्सिनला उतरा, खाली साथोर्न धक्का आहे, तिथून मॉलची शटल बोट मिळते. वेळ असेल तर मी दुसरी वाट घेईन, कारण उजेड असताना नदी ओलांडायला मिळते. रिव्हर सिटी आणि एशियाटिकसाठीही साथोर्न धक्काच सोयीचा.

बोटीच्या वेळेआधी एक तास धक्क्यावर असावे, असे सगळेच सांगतात. त्याहून अर्धा तास आधी जा. बँकॉकला सूर्य डिसेंबरात सहाच्या आत आणि जुलैत पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेसातची बोट सुटते तेव्हा अंधारच असतो. सूर्यास्त हवा असेल तर तो काठावरूनच बघावा लागतो. उरलेला वेळ आयकॉनसियामच्या तळमजल्यावरच्या सूकसियाममध्ये घालवा. मॉलच्या आत मांडलेला थाई बाजार आहे. खायचा मोह आवरा, किंवा नका आवरू, बुफेचा दर्जा पाहता तेही वाईट नाही.

बोटीवर: कधी उठायचे, कुठे बघायचे

काउंटरवर व्हाउचर दाखवले की शर्टावर रंगीत स्टिकर चिकटवतात. तो तुमच्या बोटीचा किंवा मजल्याचा रंग. काढू नका, एकाच धक्क्यावर तीन-चार बोटींची गर्दी असते. थाई पोशाखातल्या मुली शेजारी उभ्या राहून तुमचा फोटो काढतात. उतरताना तोच फ्रेममध्ये घालून विकायला ठेवतात. घ्यायची सक्ती नाही, नको म्हटले तर कुणी रागावत नाही.

बोट सुटली की सगळे बुफेच्या रांगेत धावतात. या रांगेपायीच लोकांची नदी हुकते. वाट अरुण हे प्रसिद्ध देऊळ (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) येते ते पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात, नेमकी निम्मी बोट भाताच्या ट्रेसमोर उभी असताना. एक छोटी प्लेट भरून घ्या, बसा, आणि बोट दोन जुळ्या पुलांखालून जाऊ लागली की उठून कठड्याशी या. जेवण कुठे पळत नाही. रांग ओसरल्यावर ट्रे पुन्हा भरतात आणि तेव्हा निवांत घेता येते.

उत्तरेकडे जाताना क्रम असा लागतो. रिव्हर सिटीच्या पुढे उजवीकडे होली रोझरी चर्चचा सुळका. मग ते दोन शेजारी पूल, फ्रा पोक क्लाओ आणि मेमोरियल. यांतला मेमोरियल पूल थायलंडच्या चक्री राजघराण्याला दीडशे वर्षे झाली म्हणून १९३२ साली खुला झालेला. पूल ओलांडताच डावीकडे सांता क्रूझ चर्चचा घुमट, जुन्या पोर्तुगीज वस्तीतला, आणि उजवीकडे फुलांच्या घाऊक बाजाराची बाजू. डावीकडेच वाट कल्याणमित, मग कालव्याच्या तोंडावरचा पांढरा विचाइप्रसित किल्ला, आणि त्याला लागून वाट अरुण. सूर्याच्या सारथ्याचे नाव मिरवणाऱ्या या देवळाचे शिखर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी आणि शिंपल्यांनी मढवलेले आहे. रात्री खालून सोडलेल्या प्रकाशात ते तुकडे वेगवेगळे दिसत नाहीत, म्हणून दिवसाही एकदा जवळून बघाच. त्याच्या पुढे समोरच्या काठावर राजवाडा आणि पाचूच्या बुद्धाच्या देवळाची सोनेरी शिखरे.

त्यापुढे सिरिराज रुग्णालय, पिनक्लाओ पूल, उजवीकडे फ्रा सुमेन किल्ला, आणि शेवटी २००२ साली खुला झालेला रामा आठवा पूल. त्याला मनोरा एकच आणि तोही पश्चिम काठावर, तिथून पिवळ्या तारांचा पंखा पसरलेला. बोट इथे वळते.

डावीकडे बसू की उजवीकडे, याची चर्चा फार होते. तिला अर्थ नाही. जाताना जे डावीकडे ते येताना उजवीकडे, आणि वाट अरुण दोनदा दिसते. पहिल्या फेरीला फोटो काढा, दुसऱ्या फेरीला फोन खिशात ठेवा. फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवा आणि हात कठड्यावर टेकवा, बोट हलत असल्याने रात्रीचे फोटो फिसकटतात.

खालच्या दालनात बसणाऱ्यांनी शाल किंवा स्टोल ठेवावी, एसी सढळ असतो. बायकांनी उंच टाचा टाळाव्यात. टिपची सक्ती नाही. वाढणाऱ्याने चांगले पाहिले तर टेबलामागे शंभर बाट पुष्कळ झाले. पेयांचे बिल उतरण्याआधी मागून घ्या, शेवटच्या दहा मिनिटांत गर्दी होते. बाहेरची बाटली आणली तर बहुतेक बोटी ती उघडण्याचे वेगळे पैसे लावतात.

ज्यांना एवढा खर्च नको

चाओ फ्राया एक्सप्रेसची नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट १६ बाटमध्ये याच पाण्यातून जाते. संध्याकाळच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी एक पकडा, सूर्य मावळताना वाट अरुण बघा, था तियेन धक्क्यावर उतरा आणि समोरच्या काठाकडे तोंड करून जेवा. चाकरमानी, शाळेची मुले, भिक्खू यांच्या गर्दीत उभे राहावे लागेल. या बोटी रात्री चालत नाहीत, म्हणून पाचच्या सुमारास साथोर्नला असावे.

परत येताना

साडेनऊ-दहाला तीन-चार बोटी एकदम रिकाम्या होतात आणि हजारभर माणसे एकाच रस्त्यावर टॅक्सी शोधू लागतात. मीटरने यायला बरेच जण नकार देतात, ॲपवरचे दर वाढलेले असतात. आयकॉनसियामला असाल तर सरळ गोल्ड लाइनकडे चाला. मॉल दहाला बंद होतो, पण ट्रेन मध्यरात्रीच्या आसपासपर्यंत असते. हॉटेलजवळच्या स्टेशनावर उतरून तिथून टॅक्सी केली तर निम्म्या पैशांत भागते.

त्याच रात्रीच्या विमानाने परतायचे असेल तर असा हिशेब करा: पावणेदहाला बोटीतून उतरलात, सुवर्णभूमी विमानतळावर पोचायला एक तास, आणि तिथे उड्डाणाच्या तीन तास आधी हजर. म्हणजे पावणेदोनच्या आधीचे विमान असेल तर क्रूझ आदल्या रात्री ठेवा. नंतरचे असेल तर बॅगा हॉटेलच्या लॉबीत ठेवून जायचे. बोटीवर त्या ठेवायला जागा नसते, आणि बॅगा घ्यायला परत हॉटेलवर जाण्याचा अर्धा तास हिशेबात धरायचा.